पोपट, मी आणि माझा पिवळा शर्ट

माणसं पारखण्यात माझा हात कोणी धरणार नाही. ऑफिसात नोकरभरती मीच करतो. तेव्हा पोपट निवडणं म्हणजे माझ्या हातचा मळ! माझी अपेक्षाही फार नव्हती. संध्याकाळी मी घरात शिरलो की कोणीतरी आपणहून माझ्याकडे यावं, एवढंच. बायको फोनवर असते, मुलीच्या कानात इअरफोन असतात आणि सासूबाई तर मानही वर करत नाहीत. म्हणून मी हाताने भरवून वाढवलेला, माणसाळलेला पोपट आणायचं ठरवलं.

पोपट वाढवणाऱ्या बाईंनी उलट माझीच मुलाखत घेतली. वर म्हणाल्या, "तुमचा एक शर्ट द्या. पिल्लाला भरवताना मी तोच घालीन. म्हणजे घरी आल्यावर ते तुम्हाला परकं समजणार नाही."

मी माझा पिवळ्या चौकड्यांचा शर्ट दिला. त्या कापडाचे मी दोन शिवून घेतले होते.

"दोन्ही देऊन टाका," बायको म्हणाली.

यथावकाश पोपट आणि शर्ट घरी आले. मी शर्ट चढवून बोट पुढे केलं, तर स्वारी थेट खांद्यावर! माझा कान कुरवाळला, केस विंचरले. खरं सांगतो, मला भरून आलं. मग आंघोळीला जाताना मी शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. पोपट उडून खुर्चीवर. मी पुन्हा बोट पुढे केलं, तर कडकडून चावला.

मी तडक बाईंना फोन लावून फैलावर घेतलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तो शर्टाला ओळखतो हो, तुम्हाला नाही. राहू द्या खुर्चीवरच. रमेल."

आणि रमला की! खुर्ची माझी, शर्ट माझा, आणि घरातले सगळे रोज संध्याकाळी त्या खुर्चीभोवती बसून खिदळणार. मी स्टुलावर. मग मीही इरेला पेटलो आणि उरलेला शर्ट घालून घरी येऊ लागलो. पोपटाने ढुंकून पाहिलं नाही.

"खुर्चीवरचा शर्ट बोलत नाही ना," बायकोने निष्कर्ष काढला.

आज दुपारी तिचाच फोन आला. "अहो, आज लवकर या ना. आम्ही सगळ्या तुमची वाट बघतोय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. समोरच्या उमेदवाराला मुलाखतीतून तसाच उठवून मी घर गाठलं. दारात बायको, मुलगी आणि चक्क सासूबाई! आतून पोपटाचा आरडाओरडा ऐकू येत होता. मी हसत हसत हात पसरले.

"काढा आधी तो," बायको म्हणाली. "खुर्चीवरचा धुवायला टाकलाय, आणि हा मघापासून थयथयाट करतोय."

हे मी स्टुलावर, नुसत्या बनियनवर बसून लिहितो आहे. उकडतंय, पंखा लावू का, असं विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "नको, शर्ट उडेल."