टीव्हीवर सुजाता

आमच्या गल्लीत वीज गेली की कुणी वीज ऑफिसला फोन करत नाही. आधी किसनआप्पांना हाक मारतात. कारण बऱ्याचदा फ्यूज त्यांच्याच खिशात असतो.

आप्पा रांजणगावच्या एका कारखान्यात वायरमन होते. तिथली शिस्त अशी, की कामाला हात घालण्याआधी सप्लाय बंद करायचा, फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवायचा आणि ‘माणसे काम करत आहेत’ ही पाटी लटकवायची. आप्पा रिटायर झाले ते ही पाटी घेऊनच. दारावरची बेल जरी बिघडली तरी पाटी लागते. त्यांचा आणि आमचा मीटर जिन्याखाली एकाच फळीवर, आणि घाईत कुठला फ्यूज कुणाचा हे बघायला त्यांना सवड नसते. बायकोची चटणी मिक्सरमध्ये अर्धवट थांबली की आम्ही समजतो, आप्पांनी काहीतरी उघडलं.

“आधी फ्यूज, मग हात, मास्तर!” वर हे मलाच ऐकवणार. पाच मिनिटं एका जागी बसतील तर शपथ! चहासुद्धा स्विच तपासत फिरत पितात.

त्या वर्षी शिरूरच्या दुकानांत सपाट, मोठे एचडी टीव्ही नुकतेच दिसायला लागले होते. आप्पांनी एक उचलला आणि तो कॉम्प्युटरला जोडायचं खूळ घेतलं. कारण सुजाता. ही त्यांची एकुलती एक मुलगी, दौंडला दिलेली. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलते ती हातांनी. तिचं बोलणं आप्पांना तिची आई, आमच्या काकू, समजावून सांगायच्या. आदल्या वर्षी काकू गेल्या, आणि ते सांगणारं घरात कुणी उरलं नाही. मग जावई नव्या कॅमेऱ्यावर तिचं बोलणं टिपून पेन ड्राइव्ह पाठवायला लागले. पण आप्पांचा मॉनिटर जुना, एवढासा.

“अंगठा कुठला, करंगळी कुठली, कायबी कळंना!”

“मग चिठ्ठी लिहायला सांगा तिला,” मी म्हणालो.

“लिहिती की. ‘मी ठीक, गोळ्या घ्या.’ संपली चिठ्ठी. हातानं बोलाय लागली म्हंजी थांबत न्हाई.”

रविवारी सकाळी जोडणी सुरू झाली. पाटी लागली. आप्पांनी केबल तीनदा काढली, तीनदा घातली, मधल्या वेळात खोलीभर येरझारा. कॉम्प्युटर यूपीएसवर चालू होता आणि यूपीएस सारखा कोकलत होता, पण टीव्ही ढिम्म. शेवटी त्यांनी दुकानदाराला फोनवरच झापलं, “केबल डुप्लिकेट दिली तुम्ही!”

तो बिचारा दुकान सोडून स्कूटरवर आला. त्याने टीव्ही पाहिला, मग वर पंखा पाहिला.

“आप्पा, लाईट कुठंय?”

आप्पांनी खिसा चाचपला. मी हसू लपवायला खिडकीकडे वळलो.

“ह्या केबलनं शॉक बसत न्हाई हो,” दुकानदार म्हणाला.

“शिस्त म्हंजी शिस्त.”

फ्यूज बसला, टीव्हीवर चित्र आलं. “आवाजाची वायर येगळी लागंल,” असं दुकानदार म्हणताच आप्पा खेकसले, “आवाज कुणाला पायजे?” तो निघून गेला.

मला राहवेना. “आप्पा, एसटीनं दोन तासांवर दौंड. एवढा खटाटोप कशाला? समोर जाऊन बसा की.”

“जातो की दर महिन्याला.” आप्पा रिमोटचं झाकण काढत होते, लावत होते. “समोर बसली की सारखं पुन्हा सांग कसं म्हणायचं? बापाला आपलं बोलणंच कळत न्हाई, असं वाटंल पोरीला. म्हणून मी हसतो, मान हालवतो. मागल्या खेपंला असाच हसलो, आन् तिच्या डोळ्यांत पाणी. काय सांगत व्हती, अजून ठावं न्हाई. हितं तिला थांबवता येतं. तिला कळत बी न्हाई.”

माझं हसू पार गेलं. वर्षभर ह्या माणसाची थट्टा केली, याची लाज वाटली.

त्यांनी व्हिडिओ लावला. सुजाता पडद्यावर आली. बोटन् बोट स्वच्छ. आप्पा थांबवायच्या तयारीत माउस धरून उभे होते. पण थांबवायची वेळच येईना. प्रत्येक खूण ती दोनदा करत होती. एकदा केली की हात मांडीवर ठेवायची, भुवया उंचावून कॅमेऱ्यात बघायची, कळलं का विचारल्यासारखी. मग पुन्हा तीच, आणि मगच पुढची. जुन्या मॉनिटरवर तिचे डोळे कधी नीट दिसलेच नव्हते.

“आईसंगं बोलायची तवा हात दिसायचे न्हाईत, इतकी भरभर.” आप्पा खुर्चीत बसले. “मास्तर, तिला ठावं हाय. मला कळत न्हाई, हे पोरीला पहिल्यापासनं ठावं हाय.”

पडद्यावर सुजाता एक खूण करून थांबली होती, वाट बघत. आप्पांनी सवयीने मान डोलावली. मग डोळे पुसले आणि तिच्याकडे बघत मान आडवी हलवली, नाही कळलं.

सुजातानं तीच खूण पुन्हा केली, अगदी सावकाश.