अ‍ॅल्युमिनियमवर फोडलेला नारळ

सासऱ्यांना एक सायकल द्यावी, एवढंच माझ्या मनात आलं होतं. त्यात वाईट काय होतं, हे मी अजूनही लोकांना विचारत असतो. उजवा हात प्लॅस्टरमध्ये असल्यामुळे हे सगळं डाव्या हाताने लिहितोय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी ज्ञानेश. जन्म बोईसरच्या कॉलनीतला, पण शाळा डेहराडूनच्या वसतिगृहात झाली आणि धातुशास्त्र जर्मनीत शिकलो. परत आलो तो देश बदलायला. देशाने फारशी घाई दाखवली नाही, म्हणून बेटेगावात एक गाळा भाड्याने घेतला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमच्या रोड सायकली जोडायला लागलो. कार्बन श्रीमंतांसाठी, लोखंड आजोबांसाठी आणि अ‍ॅल्युमिनियम सर्वांसाठी, असं गाळ्याच्या दारावर मी रंगवून घेतलं होतं. (सर्वांपैकी अजून फारसं कुणी फिरकलेलं नाही.)

बायको भाविका किनाऱ्यावरच्या मुरबे गावची. तिचे वडील महादू हे मासेमारीतले जुने माणूस. गेल्या वर्षी त्यांचा धाकटा भाऊ चिंतू समुद्रात गेला. अडकलेलं जाळं सोडवायला पाण्यात उतरला आणि वर आला नाही. होडी परत आली, तिच्यात सासरे एकटेच होते. त्या दिवसापासून ते ओट्यावर बसले ते बसलेच. किनारा घरापासून हाकेच्या अंतरावर, पण तिकडे पाऊल टाकलं नाही. ताटात बोंबील वाढला तरी हं, नाही वाढला तरी हं. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषध देतो, पण माणूस हलला पाहिजे.

"बाबा असे बसल्या बसल्या संपतील," भाविका एकदा म्हणाली आणि रडली.

मला रडण्यावर उपाय सुचत नाही. सायकल सुचते.

"त्यांना फ्रेम देतो," मी म्हणालो.

"कसली फ्रेम? फोटोची?" ती एकदम किंचाळली. "अजून आहेत ते!"

मी घाईघाईने सायकल म्हणालो.

आता थोडं ऐकून घ्या, ही माझी आवडती जागा आहे. मुरब्यात लोखंड टिकत नाही. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज सोलतात, विळीला दर महिन्याला नवा जन्म घ्यावा लागतो. अ‍ॅल्युमिनियम तसं गंजून झडत नाही. वजनाला हलकं, आणि ताठ. पायाने दिलेला जोर वाटेत कुठे झिरपत नाही, सरळ चाकाला जातो. लोक म्हणतात, अ‍ॅल्युमिनियमची सायकल कडक चालते, अंगाला लागते. पूर्वीच्या लागायच्या. आता नळ्यांना असे आकार देतात की रस्ता लागत नाही, फक्त कळतो. रस्ता तुमच्या तळहाताशी बोलतो! (हे वाक्य मी भाविकालाही लग्नाआधी ऐकवलं होतं. तरी लग्न झालं.)

रविवारी मी सायकल घेऊन मुरब्याला गेलो. चांदीसारखी फ्रेम, बारीक टायर. सासूबाई हिरा यांनी ती दोन बोटांनी उचलून पाहिली.

"टोपाच्या पत्र्याची हाय का ही?"

"तोच धातू, पण मिश्रधातू आहे, सासूबाई. त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन..."

"म्हंजे टोपच," त्या म्हणाल्या. "असू दे. पन नवीन गाडी हाय, नारल फोडल्याबिगर हलवायची नाय. नारल तेंच्या हातान फोडू."

हळद-कुंकू झालं, झेंडूचा हार झाला. सासरे ओट्यावरून उठले. वर्षभरात ते कशासाठी तरी आपणहून उठले, म्हणून भाविकाने माझा हात घट्ट धरला. त्यांनी नारळ घेतला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले.

तुमच्या-आमच्याकडे गाडीचा नारळ चाकापुढे दगडावर फोडतात. पण सासऱ्यांनी जन्मभर होडीचे नारळ फोडलेले, आणि होडीचा नारळ फुटतो नाळेवर, म्हणजे होडीच्या तिरक्या पुढच्या टोकावर. त्यांनी सायकलकडे नीट पाहिलं. हँडलखालून एक जाड नळी तिरकी खाली उतरत होती. अगदी नाळेसारखी.

मी "बाबा, तिथे न..." एवढंच म्हणालो.

नारळ एका घावात फुटला. नळीलाही वाटीएवढा पोचा आला.

पाणी गळत होतं. त्यातून पोच्याच्या कडेला केसाएवढी रेघ दिसत होती. सासूबाई "नारल चांगला निघाला" म्हणाल्या. मी मात्र तिथेच, ओल्या खोबऱ्याच्या साक्षीने, व्याख्यान दिलं.

"आता हिच्यावर कुणीही बसायचं नाही! ही नळी जाड दिसते, पण आत पोकळ आहे, पत्रा पातळ आहे. लोखंड आधी वाकतं, कुरकुरतं, माणसाला सावध करतं. अ‍ॅल्युमिनियमचं तसं नाही. चीर आतल्या आत वाढत जाते, वरून काही कळत नाही, आणि एक दिवस चालता चालता दोन तुकडे. बसणाऱ्याची मान मोडू शकते!"

"म्हंजे मोडताना सांगत नाय?" सासऱ्यांनी विचारलं.

इतके शब्द त्यांच्या तोंडून किती दिवसांनी ऐकले! मला इतका आनंद झाला की मी दुप्पट उत्साहाने म्हणालो, "अजिबात नाही, बाबा! शेवटपर्यंत गप्प!"

त्यांनी मान हलवली. "चिंतूपन सांगून नाय गेला," म्हणाले आणि परत ओट्यावर बसले.

त्या दिवशी आम्ही तिथेच राहिलो. सकाळी सासूबाईंच्या हाकेने जाग आली. ओटा रिकामा होता. भिंतीला टेकवलेली सायकलही नव्हती. झेंडूचा हार मात्र व्यवस्थित काढून खुंटीला लावलेला.

"कालचं सगळं तू त्यांच्यासमोर बोललास," भाविका म्हणाली. ती ओरडत नव्हती, हे जास्त वाईट होतं. "कशी मोडते, मान कशी जाते, सगळं नीट समजावून सांगितलंस. त्यांनी विचारलं, आणि तू हसत हसत उत्तर दिलंस."

या वेळी मला सायकलही सुचली नाही.

घरामागे चिंतूकाकांची जुनी सायकल होती. लोखंडी, गंजलेली, वर्षभर कुणी हात न लावलेली. चेन करवतीसारखी ओरडत होती, पण फिरत होती. भाविका खाडीकडे धावली, मी बोईसरच्या रस्त्याला लागलो. प्रत्येक वळणावर मला चांदीसारखं काहीतरी पडलेलं दिसायचं. एकदा ते वेफरचं पाकीट निघालं, एकदा फुटलेला आरसा. एका उतारावर मी उतरून गटारातही बघितलं. मनातल्या मनात म्हणत होतो, देश नाही बदलला तरी चालेल. (आणि शपथेवर सांगतो, त्या खड्ड्यांतून ती गंजकी सायकल गादीसारखी चालत होती. हे माझ्या गाळ्यावर येणाऱ्यांना कृपा करून सांगू नका.)

फोन वाजला. भाविका होती. रडत होती, त्यामुळे मला 'आहेत' आणि 'नाहीत' दोन्ही ऐकू आल्यासारखं वाटलं. मग कळलं, "किनाऱ्यावर" म्हणतेय. आहेत की नाहीत, ते न सांगताच तिने फोन ठेवला.

तिथवर मी कसा पोचलो, आठवत नाही.

सासरे होते. वर ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत, वाळूवर पाय पसरून बसले होते. शेजारी भाविका, त्यांची बाही धरून. माझी सायकल होडीच्या नाळेला टेकवलेली, अखंड. पलीकडे बाया बारीक कोळंबीचा जवळा वाळत घालत होत्या आणि सगळ्यांचे कान इकडे होते.

"बाबा," मी म्हणालो, "मी सांगितलं होतं ना, मोडेल म्हणून?"

"म्हनूनच नेली," सासरे म्हणाले.

 एक कावळा जवळ्यात शिरला, त्याला कुणी हाकललं नाही.

"पार खैऱ्या गावापातूर गेलो. मनात म्हनला, मोडू दे. सगल्या खड्ड्यात घातली. नाय मोडली. मग काय करनार? इथं आलो." ते दोन्ही मनगटं चोळत होते. "काय गाडी हाय का काय! रस्त्याचा एक खडा सोडत नाय. हातातून खांद्यात, खांद्यातून दातात. हाडा नं हाडा दुखतंय."

"त्याला रस्ता कळणं म्हणतात, बाबा," मी म्हणालो. (सवय.)

भाविकाने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"वरीसभर अंगाला कायच लागत नव्हता," सासरे होडीकडे बघत म्हणाले. "भात लागत नव्हता, ऊन लागत नव्हता. आज दुखला. बरा वाटला." मग पोटावर हात ठेवून, "भूक लागली."

ते उठले आणि सरळ सायकलीकडे गेले. मी आडवा आलो. ती सायकल हातात धरून न्यायची, बसायचं कुणीच नाही, असं मी जाहीर केलं.

"बघा गो," जवळा पसरणारी रंभाबाई बाकीच्यांना म्हणाली, "जावयांनी आमटी रांधली न् सासऱ्याला चाखायला दिली. सोता नाय तोंडाला लावत!"

बाया हसल्या. आता तुम्हीच सांगा. ज्या गाडीने माझा सासरा मरायला नेला आणि जिवंत परत आणला, त्या गाडीची मला भीती वाटते, असं मी गावासमोर कबूल करू? सासऱ्यांना मी चिंतूकाकांची सायकल दिली. त्यांनी तिच्या सीटवरून एकदा हात फिरवला. आणि मी, धातुशास्त्राचा पदवीधर, केसाएवढी रेघ डोळ्यांनी दिसत असताना, अ‍ॅल्युमिनियमवर स्वार झालो. दोन पायडल मारले. खरंच, पायाचा जोर सरळ चाकाला गेला.

शास्त्र खरं ठरलं. आवाज एकदाच झाला.

पुढचा भाग हँडलसकट पुढे गेला, मागचा भाग वाळूत बसला आणि मी मधल्या मधे रंभाबाईच्या जवळ्यात. तोंडात, कानात, शर्टात, सगळीकडे जवळा. हात माझ्याच खाली होता. मनगटातूनही तसाच एकदा आवाज आला.

तेवढ्यात दुसरा एक आवाज ऐकू आला, तो मला ओळखता येईना. भाविकानेही दचकून मागे पाहिलं. सासरे हसत होते. पोट धरून, होडीला टेकून हसत होते. मागून धापा टाकत आलेल्या सासूबाई ते हसणं बघून वाळूत बसल्या आणि पदर तोंडाला लावून हमसून रडल्या. जावयाचा हात मोडल्याचं दुःख म्हणून मी ते काही क्षण मनाला लावूनही घेतलं.

आता सासरे रोज किनाऱ्यावर जातात. अजून पाण्यात उतरत नाहीत, पण होडीवरची ताडपत्री काढलीय. सायकलीचा मागचा तुकडा त्यांनी खुंट्याला बांधलाय, त्यावर रंभाबाई माशांची पाटी टेकवते. गंजत नाही म्हणून खूश आहे. माझ्या मालाची एवढीच तारीफ आजवर ऐकली.

काल ते बोईसरला मला बघायला आले. प्लॅस्टरवर बोटाने टकटक करून पाहिलं.

"दुसरी गाडी करा," म्हणाले. "तशीच. हाडाला लागनारी."

मला भरून आलं. देश नाही, पण एक माणूस! "करतो, बाबा! लगेच करतो. फक्त या वेळी नारळ..."

"नारल मीच फोडनार."

"पण फ्रेमवर नको ना?"

"छ्या. तिच्यावर कशाला? नली पोकल व्हती, पोचा आला." त्यांनी माझ्याकडे पारखून पाहिलं, होडीचं लाकूड पाहावं तसं. "आता तुमच्या डोक्यावर फोडीन. ते भरीव हाय."