योसेफची मिनिटं

सिनेमाला निघताना लोक पाकीट, मोबाइल, गाडीची किल्ली चाचपून बघतात. मकासरे काका स्टॉपवॉच चाचपतात. येशूच्या आयुष्यावरचा सिनेमा असेल तर पडद्यावर योसेफ आला की बटण दाबायचं आणि योसेफ गेला की पुन्हा दाबायचं, असा त्यांचा नेम आहे. शेवटी दिवे लागतात, माणसं चपला शोधत उठतात आणि काका घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन निकाल सांगतात, "अकरा मिनिटं चाळीस सेकंद. दोन तासांच्या सिनेमात."

योसेफ म्हणजे मरीयेचा नवरा. येशू हा देवाचा पुत्र, पण त्याला वाढवलं या सुतारानं. ही माहिती मला काकांकडूनच मिळाली. मी लातूरकडचा. काका भेटेपर्यंत माझा ख्रिस्ती धर्माशी संबंध नाताळच्या केकपुरता होता, आणि तो केकही बिनअंड्याचा.

चाकणच्या एका कंपनीत ते क्वालिटीत होते आणि मी डिस्पॅचमध्ये. चिंचवडला आमची बिल्डिंगही एकच, त्यामुळे कंपनीच्या बसमध्ये सहा वर्षं शेजारी शेजारी बसलो. बाकीचे झोपत किंवा क्रिकेट बघत. काका जगभरातल्या ख्रिस्ती सिनेमांच्या बातम्या वाचत आणि मला उठवून सांगत, "मोरे, वाळवंटात शूटिंग सुरू झालं. योसेफ तरुण घेतलाय यंदा." मला काय त्याचं, पण मीही डोळे चोळत म्हणायचो, "बरं झालं, मागचा फारच थकलेला होता." आमच्या बसचे ड्रायव्हर मूळचे मोशी गावचे. ते आरशातून विचारायचे, "काका, तुमच्या देवाचं शूटिंग उरकलं का न्हाई अजून?" काका शांतपणे म्हणायचे, "अजून एडिटिंग बाकी आहे."

काका सिनेमाचं परीक्षण लिहितात ते कंपनीच्या तपासणी रिपोर्टसारखं. तसा फॉर्म त्यांनी घरी पट्टीनं आखून घेतलाय. वर सिनेमाचं नाव, खाली आढळलेले दोष, त्याखाली योसेफची मिनिटं आणि तळाला निकाल. निकाल तीनच, ओके, रिवर्क म्हणजे दुरुस्त करून आणा, किंवा रिजेक्ट. लाल पेनानं सही झाली की फोटो काढून चर्चच्या ग्रुपवर टाकायचा. एका रिपोर्टात लिहिलं होतं, "सुतारकामाचे खिळे झिंक प्लेटिंगचे. त्या काळी प्लेटिंग नव्हतं." दुसऱ्यात, "गाढव ताजंतवानं. इतक्या लांबून चालत आलेलं वाटत नाही." एकदा त्यांनी एका परदेशी निर्मात्याला रिवर्कचे सात मुद्दे ईमेल केले. तिकडून 'आपला संदेश मिळाला' असं आपोआप येणारं उत्तर आलं. काकांनी ते छापून फाइलला लावलं आणि पुढच्या सिनेमात सुधारणा होईल म्हणून दोन वर्षं वाट बघितली.

चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा हात जोडून सांगितलं की काका, लोकांना जरा उत्तेजन मिळेल असं लिहा. काका म्हणाले, "साहेब, पार्ट मापात नसेल तर मी गोड बोलून पास करत नाही." आणि खरोखरच तोवर त्यांनी एकही सिनेमा ओके केलेला नव्हता.

मला हा प्रकार विक्षिप्त वाटायचा, आणि खोटं कशाला बोलू, मी एसी आणि पॉपकॉर्नसाठी त्यांच्याबरोबर जायचो. पण एकदा चिडून विचारलंच, की काका, एवढी तपासणी करता, तुम्हाला नेमकं बघायचंय तरी काय?

काकांनी आधी चष्मा पुसला. म्हणाले, "बारा वर्षांचा येशू हरवतो. आईबाप तीन दिवस शोधतात. सापडतो तो मंदिरात. मरीया त्याला रागावते, तेव्हा पोरगा सांगतो की मी माझ्या पित्याच्या घरीच होतो, मला शोधायचं कशाला. म्हणजे देवाच्या घरी. बरोबरच आहे त्याचं. पण मोरे, योसेफ तिथंच उभा असतो. तीन दिवस पायपीट करून आलेला. त्या क्षणी त्याच्या तोंडावर काय आलं असेल? कुणी दाखवत नाही. कॅमेरा लगेच पोराकडे. मला ते दोन सेकंद बघायचेत."

मी त्यांना म्हटलं, दोन सेकंदांसाठी एवढे सिनेमे रिजेक्ट? ते म्हणाले, "एक मापसुद्धा चुकलं तरी पार्ट बसत नाही." विषय तिथंच संपला.

गेल्या नोव्हेंबरात काकांनी मला वर बोलावलं. त्यांच्या अमोलचं लग्न जानेवारीत ठरलं होतं. अमोल तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला आणि वाकडला राहायला. रविवारी गाडी घेऊन येतो, भाजी आणून देतो, आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांसारखंच बापालाही काका म्हणतो. मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नव्हतं. आमच्याकडे अर्धी पोरं बापाला अण्णा नाही तर दादा म्हणतात.

काकांनी लग्नपत्रिकेचा मजकूर स्वतः लिहिला होता. "शुद्धलेखन बघ जरा," म्हणून कागद माझ्या हातात दिला आणि ते दूध आणायला खाली गेले. मी वाचला. चि. अमोल, कै. सुनील साळवे आणि सौ. सुशीला मकासरे यांचे सुपुत्र. निमंत्रकांत काकूंचे दोन भाऊ, साळव्यांकडचे चुलते, सगळे होते. मकासरे काका कुठंही नव्हते.

"काकू, हे सुनील साळवे कोण?" मी विचारलं.

काकू दारात उभ्या होत्या. गुडघ्यामुळं त्यांना बसायला वेळ लागतो. बसल्या आणि म्हणाल्या, "अमोलचे वडील. तो चार वर्षांचा असताना वारले. वर्षभरानं ह्यांनी मला मागणी घातली. अमोलचं नाव बदलायचं का, तर हे म्हणाले, नको, ती त्याच्या बापाची ठेव आहे. आता पत्रिकेत पण तेच. मोरेभाऊ, तुम्ही तरी सांगा ह्यांना. पोराला वाढवलं कोणी?"

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अमोल तेराचा होता. काहीतरी भांडण झालं आणि तो न सांगता श्रीरामपूरला साळवे आजोबांकडे निघून गेला. दोन दिवस पत्ता नाही. काकांनी पिंपरीपासून देहूरोडपर्यंत सगळी स्टेशनं पालथी घातली. शेवटी निरोप आला, तेव्हा दोघं श्रीरामपूरला गेले. काकू रागावल्या, तर अमोल सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला, मी माझ्या पप्पांच्या घरी आलोय, तुम्ही कशाला आलात.

"हे उंबऱ्याबाहेरच उभे राहिले," काकू म्हणाल्या. "आत आलेच नाहीत. आणि मी नुसती पोराकडं बघत होते हो. ह्यांच्याकडं बघायचं राहूनच गेलं."

माझ्या हातातला कागद मला जड झाला. सहा वर्षं या माणसाच्या शेजारी बसून मी त्यांच्या घड्याळाची टिंगल केली होती. काका दूध घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, "काका, यात तुमचं नाव राहिलं." ते म्हणाले, "राहिलं नाही, घातलं नाही. बापाचं नाव एकच असतं. मी अमोललाही पाठवलाय मजकूर. तपासून दे म्हटलं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मला तेच जास्त लागलं.

नाताळच्या आधीच्या रविवारी वाकडच्या मॉलमध्ये एक नवीन सिनेमा आला, सकाळी साडेनऊचा एकच खेळ. काकूंना पायऱ्या जमत नाहीत, म्हणून अमोल, काका आणि मी असे तिघं गेलो. अमोल मध्ये बसला. काकांनी घड्याळ काढलं. आजूबाजूला चर्चची चाळीसेक माणसं होती आणि ती आज तरी काका ओके म्हणणार का याचीच चर्चा करत होती.

मंदिराचा प्रसंग आला. धुळीनं माखलेला योसेफ, रडवेली मरीया, पायरीवर बसलेला मुलगा. मुलगा ते वाक्य बोलला आणि कॅमेरा नेहमीसारखा मुलाच्या तोंडावर गेला. मी काकांकडं बघावं म्हणून मान वळवली.

अमोल आधीच तिकडं बघत होता. पडद्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. पडद्याच्या उजेडात तो काकांचा चेहरा बघत होता आणि बराच वेळ त्यानं मान हलवली नाही. काका पडद्याकडं बघत होते. त्यांच्या तोंडावर काय होतं ते, मध्ये अमोल असल्यामुळं, मला नीट दिसलं नाही. अमोलला दिसलं असावं, कारण त्यानं एकदम नाक ओढलं आणि काकांच्या मांडीवर हात ठेवला.

बाहेर आलो तर चर्चच्या मंडळींनी निकाल विचारला. काका म्हणाले, "घरी जाऊन लिहितो." असं ते कधी म्हणत नाहीत.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर अमोलनं खणातून एक घडी घातलेला कागद काढला. "काका, पत्रिका तपासली."

काकांनी चष्मा सारखा केला. मागच्या सीटवरून मलाही वाचता येत होतं. त्यांच्याच मजकुराच्या खाली, त्यांच्याच फॉर्मच्या रकान्यांत, लाल पेनानं लिहिलं होतं. वस्तू: लग्नपत्रिका. आढळलेले दोष: योसेफ कुठंही नाही. योसेफची मिनिटं: शून्य. निकाल: रिजेक्ट.

काका ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली, तरी अमोलनं गाडी सुरू केली नाही.

"सही नाही केलीस," काका शेवटी म्हणाले. "सहीशिवाय रिपोर्ट चालत नाही."

अमोलनं कागद स्टिअरिंगवर ठेवला आणि सही केली. काकांनी तो घडी करून शर्टाच्या खिशात घातला. त्याच खिशात घड्याळ होतं, आणि मी पुढं वाकलो तर त्याचे आकडे पातळ कापडातून पळताना दिसत होते.

"काका," मी मागून म्हटलं, "घड्याळ बंद करायचं राहिलं."

"राहू दे," ते म्हणाले.