अप्पांचं मागचं दार

गुरलिंगअप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी मागचं दार बघून येत, मग बसत. यजमान पाण्याचा तांब्या घेऊन उभा असे आणि पाहुणा परसात. "राजाला सरकायला जागा पाहिजे," हे त्यांचं उत्तर ठरलेलं. लग्नात ते मांडवाच्या कडेला, कनात उचलून निघता येईल असे बसत. महादेवाच्या गाभाऱ्याला एकच दार, म्हणून नमस्कार बाहेरून. पुजाऱ्यानं टोकलं तर गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणत, "माझा देव गळ्यातच हाय. त्यो बी माझ्यासंगं निघंल."

वालूरला त्यांचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक कमी, बुद्धिबळाचा पट जास्त. दर हिवाळ्यात गावात सामने होत. वऱ्हाडातून आणि हैदराबाद शहराकडून खेळणारे येत. निजामाच्या काळात वऱ्हाड म्हणजे दुसरं राज्य, म्हणून आम्ही ऐटीत त्यांना परमुलुखाचे सामने म्हणायचो.

अप्पांची एकच इच्छा होती, हबीब मास्तरांना एकदा हरवायचं. मास्तर गावातल्या उर्दू शाळेत शिकवत आणि रोज संध्याकाळी दुकानात येऊन अप्पांना हरवून जात. सामन्यातही तेच. सारं गाव यावर हसे. अप्पांच्या मंडळी कमळाबाई म्हणायच्या, "ह्यांनी एकदा जिंकावं, मी पेढे वाटते. तवर साखर तरी स्वस्त होईल."

मग अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली. आधी रझाकारांनी छळलं होतं, नंतर दुसऱ्या बाजूनं सूड निघाले. हबीब मास्तर कुटुंब घेऊन हैदराबादला भावाकडे गेले. अप्पांचा पट गुंडाळलेला राहिला. मी मराठी शाळेत शिकवायचो; एकदा त्यांच्याशी खेळायला बसलो, तर मध्येच म्हणाले, "गुरुजी, तुमी लय सरळ खेळायलाय," आणि गिऱ्हाईकाकडे वळले.

वर्ष उलटल्यावर सामन्यांची बैठक भरली. बहुतेकांचं मत नको असंच पडलं. रस्त्यात काय होईल सांगता येत नव्हतं, बाहेरच्या माणसाचा जीव कोण जोखमीत घालणार? मीही नको म्हणालो. भीती माझी होती, काळजी मात्र मास्तरांची सांगितली. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

अप्पा म्हणाले, "सामने माझ्या दुकानात होतील. जबाबदारी माझी."

"तुमच्या दुकानाला तर एकच दार हाय," कुणीतरी चिमटा काढला.

आठवड्याभरात अप्पांनी दुकानाची मागची भिंत फोडून दार बसवलं. कमळाबाई सगळ्यांना दाखवत, "या, बघा. चोराची सोय केलीय." हबीब मास्तरांना त्यांनी पत्र धाडलं होतं; ते येणार त्या दिवशी अप्पा स्वतः बैलगाडी घेऊन सेलू स्टेशनवर गेले. येताना गडी गाडी हाकत होता आणि अप्पा वाटभर मागे तोंड करून बसले होते. मास्तर उतरताच म्हणाले, "रास्ते भर मेरे से बात नहीं की. सिर्फ धूल देखते आए."

मास्तर वाळले होते. मागचं दार त्यांनी पाहिलं, अप्पांकडे पाहिलं आणि त्याच दाराकडे पाठ करून बसले.

अप्पा आणि मास्तरांचा डाव रंगला आणि मास्तर चुकू लागले. रस्त्यावर जरा मोठ्यानं कुणी बोललं की त्यांची मान वळे. दुपारपर्यंत त्यांच्याकडे राजा आणि एक प्यादं उरलं. अप्पांकडे वजीर, हत्ती. दुकानात माणसं दाटली. कमळाबाई नव्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

इथं आमच्याकडचा एक नियम सांगायला हवा. समोरच्याचा राजा अगदी एकटा पडला की बुर्जी होते, म्हणजे डाव बरोबरीत. म्हणून जिंकत असलेला माणूस शत्रूचं शेवटचं प्यादं जिवापाड जपतो. आणि आमच्या सामन्यांत बरोबरीचा डाव पुढच्या वर्षी त्याच दोघांनी पुन्हा खेळायचा असतो.

हे अप्पांइतकं कुणाला माहीत नव्हतं. शेवटचं प्यादं नजरचुकीनं मारणाऱ्यांना ते वर्षभर चिडवत.

अप्पांनी पटाकडे बराच वेळ पाहिलं. मग हत्ती उचलला आणि ते प्यादं मारलं.

"अरारा," मागून कुणीतरी म्हणालं. "बुर्जी केली की हो अप्पांनी." लोक हसले. कमळाबाईंनी कपाळाला हात लावला.

मास्तर हसले नाहीत. हलकेच म्हणाले, "अप्पा, बाजी तो तुमारी थी."

"नजर कमी झाली आता," अप्पा मोहरे गोळा करत म्हणाले. मारलेलं ते प्यादं मात्र डब्यात न टाकता त्यांनी मास्तरांच्या हातात दिलं. "हे तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. पुढल्या साली घेऊन या. त्याच्याबिगर मला पट मांडता यायचा न्हाई."