पृथ्वीला आऊट हाय

पृथ्वीचा कल मी एकदा शेणानं सारवून टाकला. ऐन दिवाळीच्या तोंडावर, चांगला हात फिरवून. तेव्हा मी पस्तिशीची होते आणि गल्लीत माझ्याएवढं शहाणं कुणी नाही, अशी माझी पक्की खात्री होती.

हा कल शेजारच्या भानुदासभाऊजींचा. नांदूरघाटात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे घरापुढचा मातीचा ओटा. सायकल उलटी करायची, चाक फिरवायचं, एक डोळा मिटून बघायचं आणि म्हणायचं, "आऊट हाय." मग स्पोक पिळून वाकडी रिम सरळ करायची. आता घरोघरी मोटारसायकली आल्या, भाऊजी सत्तरी ओलांडून बसले, पण डोळा मिटायची खोड काही जात नाही. मी भाकरी थापताना दिसले तरी मिटतात. "वैनी, भाकरीला आऊट हाय."

सगळ्यात मोठा आऊट मात्र पृथ्वीला. एका जुन्या भूगोलाच्या पुस्तकात त्यांना तो सापडला.

"तीन आऊट हायेत, वैनी. सूर्याभवतीची वाट कधी गोल व्हती, कधी लांबुळकी. आस कधी जास्त कलतो, कधी कमी. आन् वरून भोवऱ्यावानी डुलती. मंग हजारो वर्सांत ऊन इकडचं तिकडं व्हतं. कवा बर्फ साचतं, कवा वितळतं."

"मग आणा की पाना, काढा आऊट!"

"काढायचा न्हाई. तो लई सावकाश हाय. तसाच चालतो."

एखादा उन्हाळ्यात घाम पुसत म्हणालाच, की ही गरमी त्या आऊटचीच असणार, तर भाऊजी घरच्या माणसावर आळ आल्यासारखे उसळतात. "त्याला हजारो वर्सं लागत्यात बे! ही गरमी आपल्या धुराची. त्याच्यावर कावून ढकलतो?"

हा आस हलताना बघायचा म्हणून त्यांनी ओट्याच्या कोपऱ्यात स्पोकची एक तार उभी रोवली होती. डिसेंबरातल्या सगळ्यात छोट्या दिवशी, भर दुपारी, सावलीच्या टोकाला गेरूची रेघ. दरवर्षी एक. सगळ्या रेघा एकीवर एक.

"पडला का फरक?" मी विचारायची.

"अजून न्हाई."

त्यांची बायको शांताबाई आतून ओरडायची, "जगाचा आऊट बघत्यात, हिकडं घरचा नळ गळायलाय!"

एका पावसाळ्यात शांताबाई गेल्या. दिवाळी आली, ओटा तसाच उकललेला. भाऊजी टायर आणायला केजला गेलते. मला दया आली. पदर खोचला, ओटा कोपऱ्यासकट सारवला. मधे येत होती ती तार उपटली, धुतली, दाराला अडकवली. वर रांगोळीसुद्धा काढली!

मागच्या साली त्या ओट्यावर फरशी बसली. कोपऱ्यात चार बोटं मातीची पट्टी मी सोडायला लावली. फरशीवाला म्हणाला, "कावून, आज्जी? घाण दिसंल." मी म्हटलं, "दिसू दे. पृथ्वीला लागते." तार पुन्हा तिथंच रोवलेली आहे. डिसेंबरात भाऊजी वाकून रेघ मारतात, आणि पट्टी सारवायला मी जाते. म्हणजे न सारवायला जाते.

तर मी ओटा सारवला त्या दिवशी भाऊजी केजहून आले. गळ्यात टायर तसेच, कोपऱ्याकडं बघत उभे राहिले. डोळा मिटला नाही. दोन्ही उघडे. पण माझं तोंड कुठं गप्प बसतंय?

"मारा की नवी रेघ, भाऊजी. पृथ्वी काय पळून चाललीय?"

ते ओट्याच्या कडेला बसले. रांगोळी मोडू नये म्हणून पाय आखडून घेतले.

"रेघंचं काय न्हाई, वैनी. सावली डिसेंबरात पुन्ना पडंल. पर मला हसत हसत का व्हईना, शांता तेवढी पट्टी सोडून सारवायची."