उपाशी बापाचं पोट

आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की माणसाला नाटकात काम करावंसं वाटतं. ही इथली साथ आहे, सर्दीसारखी. पंचायत समितीत आवक-जावक करण्यात जन्म गेला, तोवर मला तिची बाधा झाली नव्हती. निवृत्त झालो, मंडळाचे दिग्दर्शक संघपाल मास्तर घरी आले आणि मी हो म्हणून बसलो.

भूमिका दुष्काळातल्या उपाशी बापाची. शेवटी हा बाप घरातली एकुलती एक भाकर लेकीला देतो आणि म्हणतो, "खा बाळा, मी जेवलो आहे." वाचतानाच माझे डोळे भरून आले. मास्तरांची नजर मात्र डोळ्यांच्या बरीच खाली होती.

"भाऊ, आवाज तुमचा बरोबर आहे. पण हे पोट पाहून लोकं म्हणतीन, दुष्काळ यानंच पाडला."

"मंग आता?"

"रंगीत तालमीपर्यंत उतरवा. नाई तं पवन आहेच."

पवन म्हणजे बांबूची काडी. दिवसभर चरतो आणि दिसतो उपाशी (निसर्ग काही लोकांवर विनाकारण मेहेरबान असतो). आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मला पाहायला तिकीट काढणार होतं. ती जागा मी पवनला देणार नव्हतो.

पोट उतरवण्याचं खातं आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे दुर्गानं, आपल्याकडे घेतलं. ताट गेलं, जेवायला चहाची बशी आली. घास सावकाश चावायचा. जेवण झालं की लगेच दात घासायचे, म्हणजे पुन्हा तोंड चालवावंसं वाटत नाही. सांभारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचा, डबा तिनं नजरेआड ठेवला. इतका, की पुढे तो तिलाही सापडला नाही.

"भूक लागली," मी म्हणायचो.

"पाणी प्या."

"पेलो."

"मंग ते भूक नोहे, सवय आहे. जरा थांबा, जाते."

मी थांबायचो. भूक जायची, आणि येताना नातेवाईक घेऊन यायची.

सकाळी चालणंही आलं. जंगलाकडच्या रस्त्यावर वाघ दिसला होता, म्हणून बाजाराच्या रस्त्यानं. तिथे गोपालची आलुबोंड्याची टपरी. (वाघ परवडला असता. तो निदान तर्री वाढून समोर उभा राहत नाही.) टपरी आली की दुर्गा मला रस्त्याच्या पलीकडून न्यायची, बैलाला हिरव्या शेताजवळून नेतात तसं.

पण पोट उतरलं. लोक काळजीनं विचारू लागले, "बाबू, शुगर निघाली का?"

रंगीत तालीम शाळेच्या पटांगणात, भर दुपारी. अर्धं गाव जमलेलं. भूमिका जिवंत व्हावी म्हणून मी सकाळपासून काही खाल्लं नाही.

"असं उपाशी राहू नका," दुर्गा म्हणाली. "थोडं थोडं खा. नाई तं ऐन वेळी हात आवरणार नाई."

"तुले अभिनयातलं काय समजते?"

शेवटचा प्रवेश आला. भाकर आणायचं काम नाटकाचं सामान सांभाळणाऱ्या गुणाबाईकडे होतं. ती विसरली आणि ऐन वेळी गोपालकडून आलुबोंडा घेऊन आली. "आज यालेच भाकर समजा," म्हणाली आणि माझ्या हातावर ठेवला. गरम होता.

समोर माझी लेक झालेली मयुरी हात पसरून उभी. मी आलुबोंड्याकडे पाहिलं. पुढचं मला नीटसं आठवत नाही. तोंड भरलेलं असताना मी म्हणालो, "खा बाळा, मी जेवलो आहे." संवादात एका अक्षराची चूक नव्हती. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच खरा होता.

मयुरी रिकाम्या हाताकडे पाहून खरोखर रडली. तिचं काम सगळ्यांना आवडलं.

बापाचं काम तिथल्या तिथे पवनकडे गेलं. मी मास्तरांना म्हटलं, "निदान सावकाराचं तरी द्या."

मास्तरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "दिलं असतं, भाऊ. पण सावकाराले पोट लागते. तुमचं उतरून गेलं."

आता मी पडदा ओढतो. समोरच्या खुर्चीवर पवन भूमिकेत शिरत असतो. त्यासाठी त्याला दोन आलुबोंडे लागतात. ते आणायलाही मीच जातो. दुर्गा म्हणते, तेवढंच चालणं होतं.