नवऱ्याकडे जायचा दाखला

ती खुर्ची मी मागून आणायला नको होती, हे मला कळतं. पण कळलं तेव्हा आमच्या दारात म्हैस बांधून झाली होती.

लढाई संपली त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. आमचे हे आफ्रिकेत, मोंबासाला, लाकडाच्या वखारीत सुतार होते. लग्नानंतर चार महिन्यांत गेले, ते तीन वर्षं तिकडंच. मी नंदुरबारला सासूजवळ मिरच्यांची देठं खुडत बसलेली. एक दिवस कागद आला. पोस्टमननं ओट्यावर बसून वाचला. (आमच्या घरात वाचणारं कुणी नव्हतं. नवऱ्याच्या लाडाच्या ओळीसुद्धा मी पोस्टमनच्या तोंडून ऐकल्या. त्या ओळी आल्या की तो बिचारा खोकायचा.)

कागदात लिहिलं होतं, तिकडचं सरकार बायको आणू देतं, पण उगीच नाही. नवऱ्याला पगार हवा, राहायला खोली हवी, बायको एकच हवी. सरकार ऐपत बघतं. पगाराचे आणि खोलीचे कागद ह्यांनी तिकडं भरले होते. आता इथल्या कचेरीतले कारकून आमच्या घरी चौकशीला येणार, त्यांनी दाखला दिला की मी बोटीत बसायला मोकळी.

एवढ्या सगळ्यातून माझ्या डोक्यात राहिलं एकच, सरकार ऐपत बघतं. कुणाची, ते विचारायचं मला सुचलं नाही. ऐपत बघायला माणूस येतोय आणि घरात बसायला गोणपाट! मी उठले आणि शेजारच्या रमजानचाचा शिंप्याची खुर्ची उचलून आणली.

खुर्ची मांडली तशी सासू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हाई काय व बहू? खुर्ची राजानी, आन् खाले शेणनी जमीन?"

खरंच होतं. मग साबिराआपाची सतरंजी आणली. सतरंजीवर आमचा पोचे पडलेला लोटा भिकाऱ्यासारखा दिसायला लागला, म्हणून पितळेची भांडी आणली. भांडी चमकली तशी भिंत बोडकी वाटली, म्हणून घड्याळ आणलं. (ते बंद होतं. कारकून काही वेळ बघायला येत नव्हते.) मोतीबाई डोंगरातून चारोळी घेऊन बाजाराला आली की आमच्या अंगणात टेकायची. तिच्या गळ्यातली चांदीची जाड हासळी मागितली. तिनं काढून दिली, पण म्हणाली, संध्याकाळच्या आत दे, नाहीतर मान हलकी होऊन मी रस्त्यात पडेन.

एवढं झाल्यावर सासू दारात जाऊन आली. "समदं शे, पन दारमा जनावर नई."

निजाम दूधवाल्याची म्हैस आणली. तो दोर सोडतच नव्हता. "भाभी, ती मन्हाबिगर ऱ्हात नई."

"अरे, दोन घटकांसाठी नेतेय! लग्न लावत नाहीये तिचं."

दुपार कलल्यावर कारकूनसाहेब आले. म्हशीला वळसा घालून आत शिरले, खुर्चीत बसले, वर घड्याळाकडे पाहिलं, माझ्या गळ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला, म्हणजे हासळी नीट दिसेल असा.

"नवरा काय पाठवतो?"

आता पाठवतो म्हणावं तर आम्ही गरजवंत दिसू. मी ताठ मानेनं सांगितलं, "आम्हाला काही लागतच नाही, साहेब. घरचंच पुष्कळ आहे."

"म्हैस?"

"घरची."

"ही चांदी?"

"घरची."

सासूला राहवलं नाही. "आन् खेतमा आखो दोन म्हशी शेत!" (शेतात आणखी दोन म्हशी म्हणे! आमचं शेतही नव्हतं.)

साहेबांनी टाक खाली ठेवला. "बाई, नवऱ्याच्या कमाईवर जिचं पोट चालतं, तिला हा दाखला मिळतो. त्याची ऐपत तिकडच्या लोकांनी पाहिलीय. तुमचं तर त्याच्यावाचून काहीच अडत नाही. मी तसं लिहितो. जायचं कारण दिसत नाही."

माझ्या पायाखालची सतरंजी सरकली. तीन वर्षं दिवस मोजले, आणि आता बंद घड्याळापायी नवरा जातोय!

"साहेब, यातलं काही आमचं नाही!"

"मघाशी सगळं घरचं होतं."

"घरचंच, पण दुसऱ्यांच्या घरचं! ही हासळी मोतीबाईची. ती सतरंजी साबिराआपाची. तुम्ही बसलाय ती खुर्ची रमजानचाचाची."

साहेब अर्धवट उठले, मग पुन्हा बसले. "आणि हे मी खरं कशावरून मानू? आहे कुणी सांगणारा?"

शेजारचे सगळे बाजारात गेलेले. मी म्हटलं, "म्हशीला विचारा."

आणि मी जाऊन दोर सोडला. धार काढायची वेळ झालीच होती. म्हैस अशी निघाली, की दोर माझ्या मनगटाला गुंडाळलेला आहे हे तिला तर नाहीच, मलाही आठवलं नाही. अंगणाच्या फाटकाच्या खांबावर माझं कपाळ दाणकन आपटलं. दोर सुटला. पुढं म्हैस, मागं कपाळ धरून मी, माझ्यामागं हातात कागद घेऊन साहेब, आणि सगळ्यांच्या मागं सासू, "घड्याळबी आमनं नई, साहेब!" असं ओरडत. तीन गल्ल्या ओलांडून म्हैस निजामच्या दारात उभी राहिली आणि हंबरली.

निजाम आतून धावत आला. "ऊनी का मन्ही रानी!"

साहेबांनी म्हशीकडे पाहिलं, निजामकडे पाहिलं. म्हणाले, "वीस वर्षं नोकरी झाली. असा सरळ साक्षीदार पहिल्यांदा मिळाला."

घरी येऊन सासूनं मिरचीच्या मडक्यातून मनीऑर्डरचे कागद काढून दिले, महिन्याला एक. साहेब ते वाचताना अकरा वेळा शिंकले, आणि डोळे पुसत पुसत दाखला लिहायला बसले. शेवटी विचारलं, "अंगावर ओळखीची खूण?"

"काही नाही."

"तीळ, व्रण, काही तरी हवं."

"नाही हो, साहेब."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "आहे की." आणि लिहून टाकलं.

बोटीचं तिकीट मिळायला दोन महिने गेले. मोंबासाच्या धक्क्यावर उतरले, तर लाकडी कठड्यापलीकडे नवा सदरा घालून हे उभे! मी पदर नीट केला. टेबलामागच्या गोऱ्या साहेबानं दाखला वाचला, माझं तोंड पाहिलं, पुन्हा वाचला. त्याच्याजवळचा गुजराती दुभाषा म्हणाला, "बेन, यात लिहिलंय, कपाळावर उजव्या बाजूला मोठं टेंगूळ. ते कुठाय?"

"उतरलं."

"कुठं उतरलं? मुंबईला?"

गोऱ्यानं मान हलवली आणि कागद बाजूला सारला. पलीकडे ह्यांचा चेहरा पडला. हातभर अंतरावर नवरा, आणि मध्ये एवढंसं टेंगूळ! मी काही विचार केला नाही. टेबलाशेजारच्या खांबावर डोकं दाणकन आपटलं आणि गोऱ्यासमोर उभी राहिले.

त्यानं वाकून पाहिलं, कागद पाहिला, दुभाष्याच्या कानात काही तरी सांगितलं. दुभाषा खाली बघत म्हणाला, "बेन, हे डावीकडे आलंय."

मग काय करता? दुसरीकडूनही आपटलं. गोऱ्यानं घाईघाईनं शिक्का मारला. (मी तिसऱ्यांदा मागं सरकतेय असं त्याला वाटलं असावं.)

तीन वर्षांनी नवरा भेटत होता. पहिला शब्द कोण बोलेल, मी कशी लाजेन, सगळं मी बोटीवर ठरवून ठेवलं होतं. हे जवळ आले. मला डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"अम्मानं पोस्टमनकडून लिहून घेऊन सगळं कळवलं होतं," म्हणाले. "पण तुला शिंगं फुटल्याचं नव्हतं लिहिलं."